नवरात्र, दिवाळी, उत्तरायण आणि १ फेब्रुवारीची हाफ: सुट्ट्यांमधला सराव कसा लावावा? (बडोदे)

दांडियाबाजार_२१किमी · १७ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. १ फेब्रुवारीला, रविवारी, हाफ (हाफ मॅरेथॉन, २१.१ किमी) धावायची आहे. हातात सहा आठवडे आणि चार दिवस आहेत, आणि त्यात नाताळची रजा, २९ डिसेंबर ते २ जानेवारी पुणे, मग उत्तरायण (इथली पतंगांची संक्रांत, १४-१५ जानेवारी). म्हणून आत्ताच सगळे आकडे मांडते.

वय ३८, वजन ५८ किलो (दिवाळीनंतर ६०.२ होतं, आता परत ५८). धावायला लागून अडीच वर्षं झाली. गेल्या फेब्रुवारीत हाफ २:०८:४०. नवरात्राआधी आठवड्याला ३८ किमी चालू होते. नवरात्रात नऊही रात्री अडीच-अडीच तास गरबा, अनवाणी. पायांना विश्रांती हवी म्हणून त्या आठवड्यात धावणं फक्त १२ किमी ठेवलं. दिवाळीच्या तीन आठवड्यांत दर आठवड्याला तीनदा ५-६ किमी, सगळं सावकाश. नोव्हेंबरचे चार आठवडे २४, २८, ३१, ३४. डिसेंबरचे दोन ३६ आणि ३३.

१४ डिसेंबरला सपाट रस्त्यावर ५ किमी जीव तोडून धावले: २७:१०. सावकाशचे रन ६:१५-६:२० च्या पेसने (दर किमीला लागणारी मिनिटं आणि सेकंद) होतात. ७ तारखेचा लाँग रन १६ किमी, ७:०० चा पेस. हार्ट रेट सुरुवातीला १४८, शेवटच्या पाच किमीत १६६. कॅडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) साधारण १६६. घड्याळ मनगटावरचं, छातीचा पट्टा नाही.

ऑक्टोबरपासून उजव्या टाचेच्या मागे दुखतं. सकाळी उठल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं पाय आखडलेला असतो, मग मोकळा होतो. वेगात धावलं की दुसऱ्या दिवशी जास्त.

विचारायचं असं: फेब्रुवारीत दोन तासांच्या आत येईल का? २८ डिसेंबरला एक १० किमीची शर्यत आहे, धावू का? पुण्यात नातेवाइकांच्या घराजवळ तळजाई आहे, तिथे टेकडी चढून घेतली तर फायदा होईल का? आणि उत्तरायणाचे दोन दिवस कसे बसवायचे?

---

पेसचा_हिशेब · १७ डिसेंबर, रात्री १०:५५

ताई, आकडे इतके नीट दिलेत की उत्तर देणं सोपं झालं.

आधी दोन तासांचं. पीटर रीगल या अमेरिकन इंजिनिअरचं १९७७ चं सूत्र बहुतेकांना माहीत असेल: नवीन वेळ म्हणजे जुनी वेळ गुणिले (नवीन अंतर भागिले जुनं अंतर) चा १.०६ घात. ५ किमीवरून हाफला जायचं तर गुणक ४.६० येतो. तुमच्या २७:१० वरून हाफ २:०५ होते. दोन तासांसाठी ५ किमी २६:०५ मध्ये यायला हवे, म्हणजे ६५ सेकंद कमी. सहा आठवड्यांत, दुखऱ्या टाचेसह, एवढं उतरणार नाही. शिवाय हे सूत्र लांब अंतराचा सराव पुरेसा आहे असं धरून चालतं. आठवड्याला ३५ किमीवर ते दोन-तीन मिनिटं उदार बोलतं. पण पुढच्या सहा आठवड्यांचा नीट सराव ते भरून काढेल, म्हणून माझ्या मते ध्येय २:०४ ठेवा. साडेचार मिनिटांची सुधारणा ही मोठीच आहे, आणि ती तुमच्या आवाक्यात आहे.

आता सुट्ट्यांचं. दिवाळीत किलोमीटर कमी झाले त्याने फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते "सगळं सावकाश" यामुळे. १९८० च्या दशकात रॉबर्ट हिक्सन यांनी शिकागोत यावर एकामागून एक प्रयोग केले. दहा आठवडे आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून सराव केलेल्या लोकांचे पुढच्या पंधरा आठवड्यांसाठी कधी दिवस कमी केले, कधी मिनिटं. सहाचे दोन दिवस केले किंवा चाळीसची तेरा मिनिटं केली, तरी जोर तोच असेल तर शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता टिकून राहिली. जोर एक तृतीयांश उतरवला तेव्हा मात्र ती घसरली. यातून सणासुदीसाठी घ्यायचं ते हे: वेळ नसेल तर अंतर निम्मं करा, पण आठवड्यातून एकदा वेग ठेवा. २ किमी वॉर्म-अप, ४०० मीटरचे सहा तुकडे, १ किमी कूल-डाउन. चाळीस मिनिटांत घरी, अभ्यंगस्नानाच्या आधी होऊन जातं. अर्थात टाच बरी असेल तर.

नवरात्राचा हिशेबही दुरुस्त करायला हवा. साडेबावीस तास अनवाणी गरबा ही विश्रांती नव्हे. फेऱ्यातली बरीच पावलं चवड्यावर पडतात, वळताना एकाच पायावर गिरकी, आणि टाचेखाली बुटाची ८-१० मिमी उंची नाही. पोटरी आणि टाचेच्या शिरेसाठी तो वर्षातला सर्वांत जड आठवडा असतो. पुढच्या वर्षी तो तसाच वहीत लिहा आणि त्यानंतरचा आठवडा खरोखर हलका घ्या.

तिसरं, तुमचे सावकाशचे रन सावकाश नाहीत. ५ किमी ५:२६ च्या पेसने धावणाऱ्या माणसाचा आरामाचा पेस ६:५० ते ७:१५ असतो. ६:१५ वर ना धड विश्रांती मिळते ना वेगाचा सराव होतो, आणि टाच मात्र रोज मार खाते. त्या पेसला पूर्ण वाक्य न अडखळता बोलून पाहा, लगेच कळेल.

हार्ट रेटबद्दल: १४८ वरून १६६ म्हणजे १२ टक्के वाढ, ही बरीच आहे. पण १६६ हाच तुमचा कॅडन्सही आहे, आणि तिथे मला शंका येते. थंडीत मनगटाचं रक्त कमी होतं आणि घड्याळाचा प्रकाश नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजायला लागतो. ग्राफ उघडून बघा. आकडा हळूहळू चढला आहे का एकदम उडी मारून तिथेच चिकटला आहे?

---

घोटा_आणि_पोटरी · १८ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी फक्त टाचेवर लिहितो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

सकाळचा आखडलेपणा, हालचालीने मोकळं होणं, वेगानंतर दुसऱ्या दिवशी वाढणं: ही लक्षणं अकिलीस टेंडनची, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या शिरेची आहेत. पण नेमकं कुठे दुखतं ते सांगा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत शीर धरून खाली खाली या. टाचेच्या हाडाला चिकटून दुखतं, का दोन-तीन बोटं वर? व्यायाम त्यावरून बदलतो. हाडाला चिकटून असेल तर पायरीवरून टाच खाली सोडायची नाही, कारण तिथे शीर हाडावर दाबली जाते. सपाट जमिनीवरच करायचं. वर असेल तर पायरी चालते.

दोन्हीत समान असलेलं आधी. पहिला आठवडा फक्त धरून ठेवणं: एका पायावर, टाच अर्धी उचलून, ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. भिंतीला बोटं टेकवा, भार टाकू नका. त्यानंतर एक दिवसाआड टाच वर-खाली. तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, १५ चे तीन संच. आधी दोन्ही पायांवर, मग एका. सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये दोन किलो तांदळाची पिशवी, दर आठवड्याला दोन किलो वाढ. निम्मे संच गुडघा किंचित वाकवून करा, कारण पोटरीचा आतला स्नायू, सोलियस, गुडघा सरळ असताना पूर्ण कामाला लागत नाही आणि धावताना सर्वांत जास्त भार तोच घेतो. घाईघाईने वीस वेळा उड्या मारल्यासारखं केलंत तर उपयोग शून्य. शिरेला सावकाश, जड भार लागतो.

लोक इथे दोन चुका करतात. पहिली, पोटरी जोरजोरात ताणणं. ताणल्यावर पाच मिनिटं बरं वाटतं आणि दुखरी शीर आणखी चिडते. दुसरी, पूर्ण थांबणं. तीन आठवडे झोपून राहिलं तर दुखणं जातं, शीर मात्र आणखी कमजोर होते, आणि पहिल्याच वेगवान रनला सगळं परत येतं.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी तीनपर्यंत. खरा निकाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळचा. पलंगावरून उतरल्यावर पाय किती मिनिटांत मोकळा होतो ते रोज लिहा. दहाची पंधरा झाली तर आदल्या दिवशी जास्त झालं, पुढचा वेगवान रन गाळा. दहाची पाच झाली तर बरोबर चाललंय.

तळजाईला जाऊ नका. म्हणजे चालायला जरूर जा, धावायला नको. चढावर घोटा जास्त वाकतो आणि नेमका हाच भार वाढतो. टेकडी एप्रिलमध्येही तिथेच असेल. आपलं बडोदं सपाट, त्यामुळे चढाची सवय नसलेल्या पोटऱ्या पुण्यात गेल्या की दुसऱ्याच दिवशी तक्रार करतात. पुण्यात सपाट रस्ता धरा.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. थंडीत पोट बिघडलं किंवा लघवीचा संसर्ग झाला आणि डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं, तर टाचेची शीर दुखतेय हे त्यांना आवर्जून सांगा. या गटातल्या औषधांनी टेंडनला इजा होऊ शकते, आणि बऱ्याचदा दुसरा पर्याय देता येतो. आणि कधी मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटून "टक्" आवाज आला, किंवा सूज दिसली, तर व्यायाम-बियाम काही नाही, थेट ऑर्थोपेडिककडे.

---

दांडियाबाजार_२१किमी · १८ डिसेंबर, रात्री ९:१५

दोघांचेही मनापासून आभार.

ग्राफ पाहिला. ११.४ किमीपर्यंत १४७ ते १५२. तिथून अर्ध्या मिनिटात १६६, आणि शेवटपर्यंत १६५-१६७, एकदाही खाली नाही. फक्त पाणी प्यायला थांबले तेव्हा क्षणात ११८ वर आला होता.

दुखतं ते हाडाच्या तीन बोटं वर. चिमटीत धरलं की नेमकं कळतं. सूज नाही.

म्हणजे लाँग रन वाटला होता तेवढा वाईट नव्हता? आणि मग २८ ची शर्यत?

---

पेसचा_हिशेब · १८ डिसेंबर, रात्री १०:३०

तो हार्ट रेट नव्हे, पावलंच. धावत असताना हृदय अर्धा तास एकाच आकड्याला चिकटून राहत नाही. म्हणजे तुमचा पाया समजलो होतो त्यापेक्षा चांगला आहे, आणि २:०४ चं ध्येय मला आता जास्त पक्कं वाटतं. थंडीत घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा आणि त्यावर बाही ओढा, बऱ्यापैकी सुधारतं. पट्टा घेतलात तर उत्तमच.

२८ ची शर्यत धावा, पण अट टाचेची. २६ तारखेला सकाळी पाय दहा मिनिटांच्या आत मोकळा झाला तर शर्यत, नाहीतर तोच बिब (छातीवरचा नंबर) लावून १० किमी ७:०० ने. पेस असा: पहिले दोन किमी ५:४५, पुढचे सहा ५:३८, शेवटचे दोन ५:३२. बेरीज ५६:२२. पहिला किमी ५:२० ने गेला तर सातव्याला दंड भरावा लागतो, १० किमीत हमखास होणारी चूक हीच. निकाल ५५:३० च्या आत आला तर हाफला २:०२-२:०३ चा विचार करू. ५५:३० ते ५७ आला तर २:०४. त्याहून जास्त आला तर २:०६, आणि तेही तुमच्या जुन्या वेळेपेक्षा चांगलंच.

आता आठवडे. या रविवारी, २१ ला, १६ किमी ७:१० ने. मंगळवारी २३ ला १ किमीचे चार तुकडे ५:३५ ने, मध्ये दोन मिनिटं हळू जॉगिंग. गुरुवारी ५ किमी आरामात, शुक्रवारी काही नाही, शनिवारी ३ किमी आणि वीस सेकंदांचे चार स्ट्राइड्स (सैल अंगाने वेगात धावायचे छोटे तुकडे). रविवारी शर्यत.

पुण्याची वेळ तुम्हाला नकळत छान जमली आहे. शर्यतीनंतरचा आठवडा हलकाच हवा. तीनदा ५-६ किमी आणि ४ जानेवारीला परत आल्यावर १४, सगळं आरामात. फक्त २८ च्या रात्री लगेच दहा तास बसून प्रवास असेल तर दर दोन तासांनी उठून चाला.

५ ते ११ जानेवारी हा सर्वांत कामाचा आठवडा: एकूण ३८ किमी, बुधवारी ५ किमी सलग ५:४५ ने, रविवारी १८ किमी आणि त्यातले शेवटचे सहा ५:५३ ने. ५:५३ हा २:०४ चा पेस. थकल्या पायांनी तो कसा वाटतो हे आधी कळलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात मंगळवारी १३ लाच वेगाचं काम उरकून टाका, २ किमीचे तीन तुकडे ५:४५ ने. १४-१५ शून्य. शुक्रवारी ५ किमी, रविवारी १८ तारखेला १९ किमी, शेवटचे तीन ५:५३ ने. त्यानंतर टेपर, म्हणजे शर्यतीआधी अंतर कमी करत नेणं: पुढचा आठवडा २५ किमी, शेवटच्या आठवड्यात शर्यतीआधी फार तर ११. टेपरमध्येही अंतर कमी होतं, वेग नाही. २१ ला १ किमीचे चार, २७ ला फक्त दोन किमी ५:५३ ने.

---

अगाशीवरून · १९ डिसेंबर, सकाळी ७:२०

उत्तरायणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

१४ आणि १५ (वासी उत्तरायण) धावायचं नाही, हे बरोबर. गच्चीवर सकाळपासून रात्रीपर्यंत मान वर करून उभं राहणं हा पायांना आरामाचा दिवस नसतो. घरच्यांबरोबर पतंग उडवायचे तर चांगले उशी असलेले बूट घाला, चपलेत दहा तास उभं राहून टाच दुखणारच. दर तासाला बसा. पाणी तांब्याभर जवळ ठेवा. जानेवारीच्या उन्हात तहान लागत नाही आणि संध्याकाळी डोकं धरतं.

पण धोका त्या दोन दिवसांपुरता नाही. डिसेंबरअखेरपासून पुढे महिनाभर झाडांत, तारांवर, दुभाजकावर मांजा लटकलेला असतो. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो, आणि तो तुटत नाही, कापतो. काचेचा सुती दोराही कमी नाही. म्हणून जानेवारीत गळ्याला बफ किंवा सुती मफलर दुहेरी गुंडाळून, डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा, टोपीची चोच पुढे. सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि पतंग त्यासोबतच चढतात, तेव्हा पावणेसातपर्यंत घरी या. अंधारात धावायचं तर परावर्तक पट्टा हवाच, आणि दोन्ही कानांत इअरफोन नको. पायात दोरा अडकला तर झटका देऊ नका, थांबून दोन्ही हातांनी सैल करा. मोकळ्या रस्त्यापेक्षा अशा दिवसांत मैदानावर चकरा मारणं बरं, एक फेरी चालत मारून दोरे उचलून घ्यायचे आणि मग धावायचं. पुढच्या माणसासाठीही ते चांगलं.

खाण्याचं थोडक्यात. ऊंधियू तेलात आणि पापडी-कंदाच्या चोथ्यात भारी. संध्याकाळी खाल्लं तर दुसऱ्या सकाळी फक्त आरामाचा रन. तिळगूळ आणि चिक्की खुशाल खा, पण धावताना खिशात नको, तिळाच्या तेलाने ती पोटात रेंगाळते आणि चावताना श्वास लागतो. दिवाळीतले वाढलेले दोन किलो बहुतेक पाणीच होतं: स्नायूंत साठलेल्या दर ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं, वर फराळाचं मीठ. ते आपोआप उतरलं, तसंच उत्तरायणाचंही उतरेल. त्यासाठी उपास करून लाँग रनला जाऊ नका.

---

घोटा_आणि_पोटरी · १९ डिसेंबर, सकाळी ८:०५

हाडाच्या तीन बोटं वर असेल तर पायरी चालेल. दुसऱ्या आठवड्यापासून टाच पायरीच्या कडेखाली सोडा. वेगाच्या दिवशी व्यायाम संध्याकाळी, लाँग रनच्या आदल्या दिवशी अजिबात नाही. शर्यतीच्या आठवड्यात फक्त धरून ठेवण्याचा प्रकार. १ फेब्रुवारीनंतर बंद करू नका, एकूण बारा आठवडे तरी लागतात.

बुटांचे किती किलोमीटर झाले? ६०० च्या पुढे असतील तर आत्ता बदला, जानेवारीच्या शेवटी नको. आणि नवीन बुटाची टाच जुन्यापेक्षा बुटकी घेऊ नका. ड्रॉप (टाच आणि चवड्याखालच्या उंचीतला फरक) १० मिमीवरून ४ वर आणणं म्हणजे परत नवरात्र.

---

दांडियाबाजार_२१किमी · १९ डिसेंबर, दुपारी १:३०

बूट ७१० किमी झालेत. आज संध्याकाळी तेच मॉडेल आणते. शर्यतीच्या सकाळचं आणि पेसचं कोणी सांगेल का, म्हणजे ११ जानेवारीच्या लाँग रनला सगळं तसंच करून बघता येईल?

---

पेसचा_हिशेब · १९ डिसेंबर, दुपारी ३:१०

दोन ते अडीच तास आधी ६०-८० ग्रॅम कर्बोदकं. दोन केळी आणि मध लावलेले ब्रेडचे दोन तुकडे पुरतात. साबुदाण्याची खिचडीही चालते, कमी चोथ्याचं पिठूळ अन्न आहे. फक्त दाण्याचं कूट नाममात्र आणि तूप चमचाभर. जेल (धावताना खायची साखरेची घट्ट पुडी) वापरणार असाल तर सातव्या आणि तेराव्या किमीला, पाण्याबरोबर, सरबताबरोबर नाही. साखरेवर साखर पडली की पोटात कळ येते.

पेस: पहिले तीन किमी ६:००, मग सोळाव्यापर्यंत ५:५३, आणि उरलेले पाच ५:४८. होतात २:०४:०३. एक लक्षात ठेवा, मार्ग सर्वांत आखूड रेषेवर मोजलेला असतो आणि गर्दीत वळणं बाहेरून घेतली जातात. तुमचं घड्याळ शेवटी २१.३ च्या आसपास दाखवेल. म्हणून घड्याळातला सरासरी पेस ५:५३ नव्हे, ५:४९ हवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे रस्त्यावरचे किमीचे फलक धरा आणि हाताच्या पट्टीवर चारच वेळा लिहा: ५ किमी २९:४६, १० किमी ५९:११, १६ किमी १:३४:२९, २० किमी १:५७:४१.

११ तारखेला हेच बूट, हेच मोजे, हाच नाश्ता, त्याच वेळी. २८ चा निकाल आणि सकाळची मिनिटं इथे टाका, त्यावरून जानेवारीचे पेस हलवू.